पट वाढवणारी मॅडम

मयुरी कावरे आमच्या मागच्या खोलीत राहायला आली तेव्हा ती डीएडच्या दुसऱ्या वर्षाला होती. आमचं घर बालाघाटला, बस स्टँडपासून चालत जाण्यासारखं. मी जंगल खात्यातून निवृत्त झालेला कारकून. दुसऱ्यांनी सांगितलेलं सुवाच्य अक्षरात उतरवायचं, एवढंच लिहिणं मी जन्मभर केलं. हे लिहायला मला प्रमोदिनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, बसवलं. ती म्हणाली, "पोरीबद्दल कोणीतरी लिहून ठेवायला हवं. माझं अक्षर वाईट आहे, नाहीतर मीच लिहिलं असतं." तेव्हा यात जे नीट उतरलं नसेल ते माझं.

मयुरीचं गाव किरनापुरच्या पुढे. वडील महागू कावरे भाजीचा मळा करतात आणि आसपासच्या बाजारांत भटे म्हणजे वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बसतात. त्यांच्या गावच्या शाळेत एकच गुरुजी होते. ते कामाला बाहेर गेले की पाचवीतल्या मयुरीला पहिलीच्या मुलांसमोर उभं करून जात. त्या वेळेपासून तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. पोलिसात जा, नर्स हो, असं घरच्यांनी सांगून पाहिलं. ती म्हणायची, मला शाळेतच उभं राहायचं आहे. तिचं सगळं मागणं एवढंच होतं, आणि पुढे जे झालं ते या एवढ्याशा मागण्याभोवतीच झालं.

डीएड होऊन वर्ष गेलं. मग एका संध्याकाळी ती पेढे घेऊन आली.

"काकू, शाळा भेटली मले."

"नोकरी लागली म्हण की," प्रमोदिनी म्हणाली.

"नोकरी नाही. अतिथि शिक्षक."

"पाहुणीला पगार देतात का?"

"देतात. थोडा देतात, उशिरा देतात, पण देतात."

आमच्या मध्य प्रदेशात अतिथि शिक्षक म्हणजे, जिथे कायम शिक्षकाची जागा रिकामी आहे तिथे एका वर्षापुरता बसवलेला माणूस. दर वर्षी नव्याने नेमणूक. मध्येच कायमचा शिक्षक त्या जागेवर आला, तर त्याच दिवशी याने उठायचं. मयुरीला हे ठाऊक होतं. तिची शाळा किरनापुरच्या अलीकडे, पक्क्या रस्त्यापासून थोडी आत होती. शाळेत कायमचे एकच, हिरालाल सर. दुसरी जागा कित्येक वर्षं रिकामी. पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत बसायची, ती खोली मयुरीला मिळाली.

आमची खोली आणि तिची खोली यांच्यामध्ये विटांची पातळ भिंत आहे. दिवेलागणीला मी पेपर चाळत बसतो. शाळा सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मला भिंतीपलीकडून आवाज यायला लागला.

"बैठो." मग थोडं थांबून, जरा जाड आवाजात, "बैठ जाओ सब." मग अगदी हळू, "बसा ना रे."

प्रमोदिनीने कान दिला आणि म्हणाली, "कोणाला बसवते आहे ही? खोलीत तर एकच खुर्ची आहे."

दुसऱ्या दिवशी तिने मयुरीला तोंडावरच विचारलं. मयुरी लाजली नाही. ती रडवेली झाली.

"काकू, हिरालाल सर नुसते दारात येऊन उभे राह्यले तरी पोट्टे चूप होतात. मी बोंबलली तरी कोनी पाहत नाही. सर म्हणतात, पहले महीने हँसना मत, बिटिया. मी तीन दिवस हसली नाही. चौथ्या दिवशी एक पोट्टा बसल्या बसल्या झोपला अन् घोरू लागला. मी हसली. झालं, संपलं सगळं."

"मग त्या सरांसारखं बोल."

"तेच करून पाहतो. पन मग पोट्टे म्हणतात, दीदी, तुमचा गळा खराब झाला काय?"

मुलं तिला दीदी म्हणत. गावातली माणसं तेवढंही म्हणत नसत. बाजाराच्या दिवशी तिचे वडील तिथेच पोतं अंथरून बसायचे, त्यामुळे ती सगळ्यांसाठी भटेवाल्या महागूची पोरगी होती. कोणी कामाला आलं तर दारातून विचारायचं, "गुरुजी नाही काय वो आज?" ती समोर उभी असताना.

आणखी एक गोष्ट तिच्या मनाला लागायची. शाळेत दुपारचं जेवण शिजतं. नियम असा, की मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने ते चाखायचं. स्वयंपाक करणाऱ्या अनुसयाबाई एका स्टीलच्या ताटलीत घासभर भात आणि डाळ घेऊन हिरालाल सरांकडे जात. सर चाखत, मान हलवत, मग पंगत बसे. सर मीटिंगला बालाघाटला गेले असले, की अनुसयाबाई स्वतःच चमचाभर चाखून मोकळ्या होत. मयुरी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. तिच्यापर्यंत ताटली यायची नाही.

"चाखून काय होणार आहे?" मी एकदा विचारलं. मी सहसा मध्ये बोलत नाही.

"काही नाही होत, काका," ती म्हणाली. "पन मास्टर कोन आहे ते सगळ्यायले दिसते."

त्या वर्षी पावसाळा संपता संपता भिंतीपलीकडचा आवाज बदलला. आता ती बैठो म्हणत नव्हती. काहीतरी प्रश्न विचारायची आणि स्वतःच मुलांसारखी उत्तरं द्यायची. झालं होतं असं. शाळेची भाषा हिंदी. मुलं घरी बोलतात ती आपली बोली, मराठीच्या जवळची. पुस्तकातलं वाचायला लावलं की सगळी माना खाली घालत. एकदा सकाळी एक मुलगा उशिरा आला. ती रागावणार तोच तो म्हणाला, "दीदी, आमच्या बैलानं दावं तोडलं अन् तो नाल्याकडे पळाला." सगळा वर्ग जागा झाला. कोणता बैल, कोणी धरला, कसा धरला. तिने फळ्यावर लिहिलं, बैल. तो मुलगा दिवसभर पाणी प्यायला जाता-येता फळ्याजवळ थांबून ते वाचत होता.

दुसऱ्या दिवसापासून तिने रोज सकाळी खबर सुरू केली. प्रत्येकाने घरून एक खबर आणायची आणि आपल्या बोलीत सांगायची. ती तिच्यातला एक शब्द फळ्यावर हिंदीत लिहिणार. मामा. पंप. बुखार. मोटरसाइकिल. ज्याची खबर त्याने तो शब्द सगळ्यांना वाचून दाखवायचा.

हिरालाल सरांनी दारातून विचारलं, "ये कौन-सा पीरियड है?"

"खबर का, सर."

"किताब में तो है नहीं."

"हौ सर."

सरांनी फळ्यावरचा शब्द वाचला. मग म्हणाले, "आवाज ज़रा कम रखना," आणि गेले. मयुरी हे सांगताना त्यांची नक्कल करायची. प्रमोदिनीला ती इतकी आवडायची, की भाजी निवडताना ती उगाच म्हणायची, "आवाज ज़रा कम रखना."

अनुसयाबाईंचा नातू त्याच वर्गात होता. थंडीच्या दिवसांत एकदा तो चुलीजवळ बसून धान्याच्या पोत्यावरचा शब्द वाचायला लागला. चा-व-ल. अनुसयाबाईंना स्वतःला अक्षर येत नाही. पोतं कशाचं आहे हे त्या हाताने चाचपून ओळखतात. त्यांनी त्याला पुन्हा वाचायला लावलं. त्या दिवशी सर शाळेतच होते. अनुसयाबाई ताटली घेऊन त्यांच्या खोलीपुढून सरळ निघून गेल्या आणि मयुरीच्या दारात उभ्या राहिल्या.

"चाखून पाहा, मॅडम."

ही हकिकत तिने त्या संध्याकाळी आम्हाला तीनदा सांगितली. तिसऱ्या वेळी प्रमोदिनीने विचारलं, "डाळ कशी होती ते तर सांग."

"मीठ कमी होतं. मी म्हणली, बरोबर आहे."

"का गं?"

"पहिल्या दिवशी कोनी नाव ठेवते काय, काकू?"

त्यानंतर गावाने तिला मॅडम म्हणायला सुरुवात केली. महागू बाजारात बसलेला असला की लोक म्हणायचे, मॅडमच्या बापाकडून घे रे भटे. तिच्या चालण्यातही फरक पडला. बसमधून उतरून घरी येताना ती आधी भिंतीच्या कडेकडेने यायची, आता रस्त्याच्या मधून यायला लागली. मी ओट्यावरून पाहत असे. भिंतीपलीकडून सरावाचा आवाज यायचा बंद झाला. तिला आता तिचा आवाज मिळाला होता, असं मला वाटलं.

दुसऱ्या वर्षी तिची नेमणूक पुन्हा त्याच शाळेवर झाली. पण त्या वर्षाच्या शेवटी एक बातमी फिरू लागली, की पट कमी असलेल्या शाळा बंद करून शेजारच्या गावच्या शाळेत मिळवणार. आमच्याकडे पटाला दर्ज संख्या म्हणतात. मयुरीच्या शाळेतली मुलं वर्षावर्षाला कमी होत चालली होती. किरनापुरच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायला लागली होती. ज्यांना परवडायचं ते त्या गाडीत मुलं बसवत, ज्यांना परवडायचं नाही ते उसनवारी करून बसवत.

"शाळा गेली तर सरायची दुसरीकडे बदली होईल," मयुरी म्हणाली. "मी कुठंच नाही जाणार. मी तर हिशेबातच नाही."

मग जून महिन्यात, शाळा उघडायच्या आधी, ती घरोघर फिरली. प्रमोदिनीने तिला उन्हाचं खूप सांगितलं. तिने डोक्याला ओढणी गुंडाळली आणि खिशात कांदा ठेवला, तेवढंच ऐकलं. रोज सकाळच्या बसने जायची आणि दुपारी तांबडीलाल होऊन यायची. लोक काय काय म्हणायचे ते सांगायची. एका बाईने म्हटलं, सरकारी शाळेत भात भेटते, इंग्रजी भेटते काय? एका म्हाताऱ्याने तिला बसवून ताक दिलं आणि आपल्याला नातूच नाही हे शेवटी सांगितलं.

सगळ्यात अवघड होता हेमराज. तो ट्रॅक्टर चालवायचा आणि गावात चार लोक त्याचं ऐकायचे. त्याची मुलगी आनंदी पिवळ्या गाडीने जायची. तो मयुरीला म्हणाला,

"पोरगी तुमच्याकडे टाकतो मी. पन तुम्हीच टिकान काय, मॅडम? अतिथि ना तुम्ही? आज आहे, उद्या नाही."

"दोन वर्षं झाले, आहो ना मी."

"तिसरं?"

"शाळा राह्यली तर मी राह्यतो. तुमच्या आनंदीले पाचवी पास करूनच सोडतो. माह्या भरोशावर टाका."

"पाहा बरं. मी दुसऱ्यायलेही सांगीन मग."

"सांगा."

हेमराजने खरंच सांगितलं. आनंदी आली, तिच्या पाठोपाठ त्या गल्लीतली बाकीची आली. पिवळी गाडी त्या गावात अर्धी रिकामी यायला लागली, मग यायचीच बंद झाली. जुलैत वर्गात बसायला जागा पुरेना. हिरालाल सरांनी व्हरांड्यात दुसरी चटई घातली. शाळा बंद होण्याच्या गोष्टी थांबल्या.

त्या सव्वीस जानेवारीला आम्ही दोघं ती शाळा पाहायला गेलो. मी सरकारी समारंभ पुष्कळ पाहिले आहेत, त्यांचं मला काही वाटत नाही. झेंडा झाल्यावर मुलं वर्गात बसली आणि मयुरीने प्रमोदिनीला दाखवायला म्हणून खबर घेतली. एकेक मूल उभं राहून सांगत होतं. आनंदी म्हणाली, "आमच्या घरी आज बालाघाटचे काका-काकू येऊन राह्यले." तिच्या घरी नाही, शाळेत आलो होतो आम्ही. पण कोणी तिला दुरुस्त केलं नाही. मयुरीने फळ्यावर लिहिलं, मेहमान. ती कुणावर ओरडली नाही, जाड आवाज काढला नाही. ती बोलायला लागली की खोली ऐकत होती. परतताना बसमध्ये प्रमोदिनी म्हणाली, "मास्तरीण झाली हो पोरगी." मी हो म्हटलं.

ऑगस्टात, म्हणजे चौथ्या वर्षी, प्राची मॅडम आल्या.

त्या कायमच्या शिक्षिका. सागरकडच्या, हिंदी मुलखातल्या. नवरा बालाघाटला बँकेत, म्हणून इकडे बदली मागितली होती. बदलीसाठी जागा कंप्युटरवर दिसतात. मुलं कमी होती तोवर त्या शाळेची दुसरी जागा कोणाच्या नजरेतच नव्हती, ती भरायची गरज दिसत नव्हती. मुलं वाढली, तेव्हा एवढ्या मुलांना एक शिक्षक कमी आहे हे तिथे दिसायला लागलं. पक्का रस्ता जवळ, बालाघाटहून बस. प्राची मॅडमनी ती शाळा निवडली. यात त्यांची काहीच चूक नव्हती.

हिरालाल सरांनी मयुरीला बाजूला बोलावून समजावलं. "बिटिया, संख्या हमने बढ़ाई. संख्या बढ़ी तो पद दिखा. पद दिखा तो भर गया. नहीं बढ़ाते तो स्कूल जाता." ते चष्मा पुसत राहिले.

त्याच दिवशी तिने उठायचं होतं, पण सर म्हणाले, दुपारपर्यंत थांब, मॅडमना वर्ग समजावून दे. प्राची मॅडमही चांगल्या मनाने म्हणाल्या, "आप बताइए न, आप कैसे पढ़ाती हैं." मयुरीने सगळं सांगितलं. कोणाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, कोण उपाशी येतं, कोणाला ओरडलं तर तो आठवडाभर बोलत नाही. खबर कशी घ्यायची तेही सांगितलं. प्राची मॅडमनी एका मुलाची खबर ऐकून पाहिली आणि संकोचून हसल्या. "पर मुझे तो समझ ही नहीं आता, ये बोल क्या रहा है."

जेवणाची वेळ झाली. अनुसयाबाई ताटली घेऊन आल्या. वर्गात दोन मॅडम उभ्या होत्या. अनुसयाबाई दारातून दोन पावलं आत आल्या आणि तिथेच थांबल्या. त्यांनी मयुरीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. डाळ निवत होती.

"तिकडे द्या, अनुसयाबाई," मयुरी म्हणाली.

हे तिने आम्हाला एकदाच सांगितलं. सांगून ती खोलीत गेली. मी दिवेलागणीला पेपर घेऊन बसलो, पण भिंतीपलीकडे काहीच नव्हतं, रडणंही नव्हतं. प्रमोदिनी दोनदा उठून दारापर्यंत गेली आणि परत आली.

काही दिवसांनी हेमराज आमच्या घरी आला. बालाघाटला ट्रॅक्टरचं सामान घ्यायला आला होता. ओट्यावर बसला, चहा नको म्हणाला. मयुरी बाहेर आली तेव्हा तो उठून उभा राहिला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, आनंदीले पुन्हा गाडीत टाकलं मी. गल्लीतल्यायनंही टाकलं. गाडी सुरू झाली."

"नव्या मॅडम चांगल्या आहेत, भाऊ."

"असतीन. पन मी लोकायले तुमचं नाव सांगितलतं ना."

"हौ."

"लोक मले विचारतात. मी काय सांगू?"

मयुरीने खांबाला हात टेकला. म्हणाली, "सांगा, मॅडम खोटं बोलली."

"तसं नाही म्हणत मी," हेमराज म्हणाला. त्याने सामानाची पिशवी उचलली, मला नमस्कार केला आणि गेला.

ती शाळा अजून चालू आहे. मुलं पुन्हा कमी झाली आहेत, असं ऐकतो.

ते वर्ष तिने किरनापुरला एका कापडाच्या दुकानात काढलं. पुढच्या वर्षी पुन्हा नेमणुका निघाल्या तेव्हा तिला लामत्याच्या पुढची एक शाळा मिळाली. रोजचं येणं-जाणं जमणार नव्हतं, म्हणून तिने आमची खोली सोडली आणि तिथेच एक खोली पाहिली. जाताना प्रमोदिनीच्या पाया पडली. प्रमोदिनी म्हणाली, "नव्या शाळेतही सहा महिन्यांत ताटली येईल बघ तुझ्याकडे." मयुरी हसली. आम्ही ती खोली नंतर कोणाला दिली नाही. फोन यायचा, पण सणासुदीला. ठीक आहे, म्हणायची.

आमच्याकडे धुणं-भांडी करायला पुष्पलता नावाची बाई यायची. तिचा नवरा कामाला म्हणून नागपूरला गेला आणि परत आला नाही. शेवटी तिने माहेरी जायचं ठरवलं. माहेर लामत्याकडे, आणि चौकशी केली तर मयुरीच्या शाळेचंच गाव निघालं. पुष्पलताची मुलगी नूतन सहा वर्षांची, अजून कुठल्या शाळेत नाव नव्हतं. मला फार बरं वाटलं. मी त्या पोरीला ओट्यावर बसवून मयुरी मॅडमबद्दल सगळं सांगितलं. तुझं नाव घातल्यावर मॅडम तुला खबर विचारतील, तू घरची एक खबर सांगायची, मग त्या तुझा शब्द फळ्यावर लिहितील.

"मनातली सांगू का खरी?" तिने विचारलं.

"खरी."

ती विचार करायला लागली. मामाकडे पोहोचल्यावर एक चांगली खबर मिळेल, असं तिने ठरवलं.

नूतनचं नाव घालायला मीही गेलो. प्रमोदिनीने मयुरीसाठी चिवडा दिला होता. आदल्या दिवशी त्या दोघी माहेरी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी लामत्याला उतरलो आणि तिथून ऑटोने त्या गावी गेलो. पुष्पलता आणि नूतन शाळेच्या फाटकाशी थांबल्या होत्या. नूतनच्या केसांना इतकं तेल लावलं होतं की कपाळावर उतरलं होतं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "खबर आहे माह्यापाशी."

शाळा स्वच्छ होती. एका खोलीत थोडी मुलं ओळीत बसून फळ्यावरचं उतरवत होती. फळ्यावर तारीख होती आणि खाली पाठातली वाक्यं. मयुरी खुर्चीवर बसली होती. मला पाहून ती उठली, माझ्या पाया पडली, आमच्यासाठी बाक पुसला. जरा जाड झाली होती, चष्मा लागला होता. तिथले कायमचे शिक्षक मीटिंगला गेले होते. इतक्यात स्वयंपाकाची बाई ताटली घेऊन आली आणि न विचारता मयुरीच्या टेबलावर ठेवली. मयुरीने आमच्याशी बोलता बोलता घास चाखला, मान हलवली, ताटली परत दिली. त्या बाईचं नाव काय ते मला कळलं नाही.

पुष्पलता म्हणाली, "मॅडम, पोरीचं नाव टाकायचं होतं."

मयुरीने नूतनकडे पाहिलं. मग पुष्पलताला जवळ बसवलं.

"ताई, खरं सांगू का? इथं एक खोली, पाच वर्ग. मी आज आहो, उद्याचं मले माहीत नाही. पुढच्या गावी एक चांगली शाळा आहे, गाडी येते न्यायले. गरिबाच्या पोरायले तिथं काही जागा फुकट भेटतात. मी तुमाले सांगतो कसं करायचं ते. माह्या भरोशावर पोरगी नका टाकू."

तिने फार प्रेमाने सांगितलं. कुठे जायचं, कोणाला भेटायचं, कोणते कागद न्यायचे. पुष्पलताच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोन सांगते आजकाल एवढं," ती म्हणाली.

मी उठून बाहेर आलो. मयुरी माझ्या मागे फाटकापर्यंत आली. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"इथे नाव घातलं असतं तर चाललं नसतं का?"

ती शाळेकडे पाहत होती. "संख्या आत्ता ठीक आहे, काका."

"ठीक म्हणजे?"

"शाळा बंद नाही होत. अन् कोनाच्या डोळ्यातही नाही येत." मग म्हणाली, "आठवड्याले एखादं येते नाव टाकायले. मी असंच समजावून सांगतो. लोक म्हणतात, मॅडम खूप चांगल्या आहेत."

माझ्या हातात चिवड्याचा डबा तसाच होता. तो मी तिला दिला. तिने विचारलं, काकूचे गुडघे कसे आहेत. मी म्हटलं, तसेच. आत मुलांचा गलबला व्हायला लागला होता. ती वळली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"बैठो," ती म्हणाली. आवाज जाडही नव्हता, मोठाही नव्हता. मुलं बसली.

पुष्पलता वाटेत मॅडमचं कौतुक करत होती. पुढच्या गावच्या शाळेत उद्याच जाईन, म्हणाली. ऑटो येईपर्यंत आम्ही पिंपळाच्या पारावर बसलो. नूतन माझ्या बाजूला पाय हलवत बसली होती.

"मॅडमनं मले काहीच नाही विचारलं," ती म्हणाली.

"विसरल्या असतील. मला सांग ना तू. काय खबर होती?"

तिने माझ्याकडे पाहिलं. सांगावं का, असा विचार तिने केला असावा, कारण तोंड थोडं उघडलं होतं. मग तिने ते मिटलं.

"मॅडमले सांगायची होती," ती म्हणाली.

ऑटो आली. मी बसलो. त्या दोघी मामाच्या घराकडे चालत गेल्या.